गोठा ते कारखाना : दूधधंद्यातील जोडलेली यंत्रे आणि त्यांचे शिक्षण

सूर्योदयापूर्वी गावातील दूध संस्थेच्या दाराशी किटल्यांची रांग लागते. हे दृश्य महाराष्ट्रात नवीन नाही. नवीन आहे ते संस्थेच्या टेबलावर. पूर्वी दूध मापाने मोजले जाई, नमुन्याच्या बाटल्या भरून ठेवल्या जात आणि स्निग्धांशाचा आकडा नंतर वहीत लिहिला जाई. आता अनेक गावांत किटली इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी होते, थोडासा नमुना यंत्रात घातला जातो आणि मिनिटभरात वजन, स्निग्धांश, स्निग्धेतर घनपदार्थ, दर व रक्कम यांची पावती छापून हाती येते. तोच आकडा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दूध संघाच्या संगणकावर जातो व सभासदाच्या मोबाईलवर संदेश म्हणूनही येतो.

या बदलाकडे केवळ सोय म्हणून पाहणे पुरेसे नाही. किटलीतील दूध काट्यावर ओतले गेले की त्याच क्षणी ते एका मोठ्या कारखान्याच्या हिशेबात शिरते. गोठा हा त्या कारखान्याचा पहिला विभाग झाला आहे आणि दूध घालणारा शेतकरी त्या उद्योगाचा भागीदार. भागीदाराला हिशेब वाचता आला पाहिजे. तो येत नसेल तर कितीही उत्तम यंत्र बसविले तरी त्याचा लाभ ज्याला वाचता येतो त्याच्याच पदरात पडतो. म्हणून यंत्राबरोबरच, किंबहुना यंत्राच्या आधी, शिक्षण गावात पोहोचणे अगत्याचे आहे.

जोडलेला उद्योग म्हणजे काय

उद्योगधंद्यांच्या इतिहासात सामान्यतः चार टप्पे मानले जातात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये वाफेच्या बळावर यंत्रे चालू लागली, हा पहिला टप्पा. विजेचा वापर व एकाच वस्तूचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन, हा दुसरा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक नियंत्रक व संगणक कारखान्यात आले, हा तिसरा. यंत्रे परस्परांशी व दूरच्या संगणकांशी जोडली जाऊन स्वतःची स्थिती स्वतः कळवू लागली, हा चौथा टप्पा होय. या चौथ्या टप्प्याला ‘उद्योग ४.०’ हे नाव २०११ साली जर्मनीतील हॅनोवर येथील औद्योगिक प्रदर्शनात प्रथम जाहीरपणे देण्यात आले.

भारतात केंद्र शासनाच्या अवजड उद्योग मंत्रालयाने ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ हा उपक्रम हाती घेतला व त्याखाली पुणे, दिल्ली आणि बंगळूर येथे केंद्रे उभी राहिली. कारखानदारांना, विशेषतः लहान कारखानदारांना, या नव्या पद्धतीची ओळख करून देणे आणि त्यांची माणसे शिकविणे हा या केंद्रांच्या कामाचा महत्त्वाचा भाग होय. यंत्रे विकत मिळतात, परंतु ती का व कोठे बसवावीत याची जाण विकत मिळत नाही, हे ओळखूनच शिक्षणावर भर देण्यात आला. जी गोष्ट शहरातील लहान कारखानदाराला लागू, तीच गावातील दूध संस्थेला लागू आहे.

जोडलेल्या यंत्राची कामे तीन असतात. पहिले मोजणे, दुसरे कळविणे, आणि तिसरे ठरवून दिलेल्या मर्यादेत आपोआप कृती करणे. ही तीन कामे वेगळी ओळखता आली की निम्मे शिक्षण झाले असे समजावे.

दूधधंद्याची वाटचाल

सहकारी दूधधंद्याचा पाया गुजरातेत खेडा जिल्ह्यात घातला गेला. तेथील जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी १४ डिसेंबर १९४६ रोजी झाली. त्रिभुवनदास पटेल यांचे नेतृत्व व १९४९ साली आणंद येथे आलेले डॉ. वर्गीस कुरियन यांचे व्यवस्थापन यांतून ‘अमूल’ उभे राहिले. महाराष्ट्रात १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ १९६५ साली अस्तित्वात आले आणि १९७० ते १९९६ या काळात ‘दुधाचा महापूर’ योजनेने देशभर संकलनाचे जाळे विणले.

या सर्व यशाच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. सकाळी घातलेल्या दुधाचे मोजमाप सर्वांसमक्ष व्हावे आणि त्याप्रमाणे पैसे मिळावेत. स्निग्धांश मोजण्यासाठी त्या काळी गर्बर पद्धत वापरीत. काचेच्या नळीत गंधकाम्ल, दूध व अमाईल अल्कोहोल घालून ती फिरत्या यंत्रात घुमवावयाची आणि वर तरंगलेल्या स्निग्धाची पातळी नळीवरील खुणांवर वाचावयाची. पद्धत खात्रीची, पण वेळखाऊ आणि अम्लामुळे जोखमीची. पुढे इलेक्ट्रॉनिक परीक्षक यंत्रे आली आणि १९९० नंतरच्या दशकात गुजरातेतील गावसंस्थांत काटा, परीक्षक व संगणक एकत्र जोडले जाऊ लागले. हीच पद्धत नंतर इतर राज्यांत पसरली.

दुधाच्या वाटेवरील यंत्रे

गोठ्यातून निघालेले दूध पिशवीत भरले जाईपर्यंत त्याची गाठ मुख्यतः चार ठिकाणी जोडलेल्या यंत्रांशी पडते. प्रत्येक ठिकाणी काय समजून घ्यावयाचे ते पुढे दिले आहे.

पहिले ठिकाण काटा. काटा किलोत मोजतो, परंतु पुष्कळ ठिकाणी दर लिटरचा असतो. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे १०० किलो दूध म्हणजे सुमारे ९७ लिटर होते. पावतीवरील आकडा किलोचा की लिटरचा, हे प्रत्येक सभासदास माहीत असले पाहिजे. वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ हा २०११ मध्ये लागू करण्यात आला. त्याखालील नियमांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून मुद्रा घ्यावी लागते. काट्यावरील मुद्रेचे वर्ष पाहण्यास कोणतेही शास्त्र लागत नाही. पाहण्याची सवय मात्र लागते.

दुसरे ठिकाण परीक्षक यंत्र, ज्यास गावात मिल्कोमीटर म्हणतात. यातील बहुसंख्य यंत्रे दुधातून ध्वनिलहरी सोडून स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ काढतात. यंत्र नळीतून रोज धुतले नाही तर आत स्निग्धाचा थर बसतो आणि आकडा चुकतो. दुधात फेस असला, दूध आंबू लागले असले, अथवा गाईसाठीची जुळणी ठेवून म्हशीचे दूध तपासले तरी आकडा चुकतो. म्हणजे यंत्र खोटे बोलत नसले तरी चुकीचे बोलू शकते. गर्बर पद्धतीच्या निकालाशी ते ठरावीक मुदतीने ताडून पाहणे हाच त्यावरील उपाय आहे.

तिसरे ठिकाण शीतक, म्हणजेच बल्क कूलर. धार काढतेवेळी दूध सुमारे ३८ अंश सेल्सिअस इतके उष्ण असते. ते लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत थंड करावयाचे असते. जोडलेल्या शीतकात उष्णतामान, दुधाची पातळी, ढवळणी व वीजपुरवठा यांची नोंद आपोआप होते आणि मर्यादा ओलांडली गेली की मोबाईलवर इशारा जातो.

चौथे ठिकाण प्रक्रिया कारखाना. येथे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून त्याचे पाश्चरीकरण केले जाते. दूध पुरेसे तापले नसेल तर एक झडप आपोआप वळते आणि ते दूध पुन्हा तापविण्यासाठी मागे पाठविते. मोजणे, कळविणे व कृती करणे ही तिन्ही कामे येथे एकाच ठिकाणी दिसतात. कारखान्याच्या भेटीत ही झडप शेतकऱ्यांना अवश्य दाखवावी. जोडलेल्या यंत्राचा अर्थ ती पाहून चटकन समजतो.

एका दशांशाची किंमत

महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर सांगताना सामान्यतः ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ हे प्रमाण धरले जाते. आकडा याहून खाली आला की दर कमी होतो.

समजा, एका गावसंस्थेत रोज १,००० लिटर दूध जमते आणि स्निग्धांशाच्या एका दशांशामागे दरात लिटरला ३० पैशांचा फरक पडतो. परीक्षक यंत्र वेळेवर न धुतल्यामुळे किंवा न ताडल्यामुळे ते एक दशांश कमी दाखवीत असेल, तर रोज ३०० रुपये आणि वर्षाकाठी १,०९,५०० रुपये सभासदांच्या हातातून जातात. रोज १० लिटर दूध घालणाऱ्या एका सभासदाचे नुकसान दिवसाला अवघे ३ रुपये होते. ३ रुपयांसाठी कोणी भांडत नाही, म्हणूनच ही चूक वर्षभर चालू शकते. उलट यंत्र एक दशांश जास्त दाखवीत असेल तर कारखान्याच्या तपासणीत फरक उघड होतो व तो संस्थेच्या माथी बसतो. दोन्ही बाजूंनी चुकीचा आकडा महागच पडतो.

पूर्वी अशी चूक शोधण्यास साधन नव्हते. जोडलेल्या पद्धतीत ते आहे. गावातील सर्व नमुन्यांची सरासरी आणि टँकर कारखान्यात पोहोचल्यावर काढलेला स्निग्धांश, हे दोन आकडे रोज शेजारी शेजारी ठेवता येतात. त्यांतील अंतर दिवसेंदिवस एकाच दिशेने वाढत असेल तर यंत्र तपासण्याची वेळ आली असे समजावे. संगणक हे अंतर दाखवितो. ते पाहून प्रश्न विचारण्याचे काम मात्र सचिवाने, संचालकांनी व सभासदांनी करावयाचे आहे.

रात्रीचा इशारा कोणी वाचावा

दुधातील काही जंतू अनुकूल उष्णतेत सुमारे अर्ध्या तासात दुप्पट होतात. वाढ निर्वेध चालली तर चार तासांत ती आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ पट होते. पुढे कारखान्यात दूध तापवून जंतू मारता येतात, परंतु त्यांनी तयार केलेले आम्ल व बिघडलेली चव परत फिरविता येत नाही. म्हणून शीतकातील प्रत्येक तास मोलाचा आहे.

समजा, रात्री ११ वाजता वीज गेली. जनित्र आपोआप सुरू झाले नाही. शीतकाने मर्यादा ओलांडताच इशारा पाठविला. तो ज्या मोबाईलवर गेला तो सचिवाचा आहे आणि सचिव लग्नानिमित्त परगावी गेला आहे. पहाटे संस्था उघडली तेव्हा दूध आंबलेले होते. यंत्राने आपले काम चोख केले, तरीही दूध नासले. येथे चूक तारेची नाही की यंत्राची नाही. इशारा आल्यावर कोणी काय करावयाचे हे आधी ठरलेले नव्हते, ही ती चूक आहे.

अशा प्रसंगासाठी फार खर्च लागत नाही. इशारा निदान तीन मोबाईलवर जावा व त्यांतील एकजण शीतकाजवळ राहणारा असावा. जनित्र हाताने कसे सुरू करावे हे तिघांनाही यावे. डिझेल किती आहे याची नोंद रोज सायंकाळी व्हावी. इशारा पाठविणाऱ्या सिमकार्डाची मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. महिन्यातून एकदा मुद्दाम इशारा देऊन माणसे किती मिनिटांत येतात ते पाहावे.

पावती कोणाच्या हाती

गोठ्यातील चारापाणी, धार काढणे व भांडी धुणे ही कामे बहुतेक घरांत स्त्रिया करतात. परंतु संस्थेत नाव पतीचे, मोबाईल क्रमांक पतीचा आणि संदेशही पतीलाच, असा प्रकार सर्रास आढळतो. ज्या हातांना गाईच्या कासेतील फरक सकाळी जाणवतो, त्या हातांपर्यंत स्निग्धांशाचा आकडा पोहोचतच नाही. आकडा अचानक उतरला तर त्याचे कारण वैरणीत, आजारात किंवा अर्धवट काढलेल्या धारेत असू शकते. शेवटच्या धारेत स्निग्धांश अधिक असतो. त्यामुळे कासेत दूध राहिले तर आकडा उतरतो, हे ती माऊली ताबडतोब ओळखील, पण तिला आकडा कळला तर. म्हणून दुसरा क्रमांक घरातील स्त्रीचा नोंदवावा आणि शिकविण्याच्या बैठकीस तिला आवर्जून बोलवावे.

याच संदर्भात माहितीच्या मालकीचा प्रश्न येतो. रोजच्या पावत्या एकत्र केल्या की एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न, जनावरांची संख्या व पैशाची निकड यांचा अंदाज बांधता येतो. भारतात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. संस्थेने यंत्रविक्रेत्याशी किंवा संगणक सेवा देणाऱ्याशी करार करताना माहिती कोठे राहील, कोणास दाखविली जाईल आणि करार संपल्यावर ती संस्थेस परत मिळेल की नाही, हे लेखी घ्यावे. संगणकाची गुप्त खूण एकाच व्यक्तीकडे ठेवू नये. सभासदनिहाय गोषवारा दर दहा दिवसांनी छापून फायलीत लावावा, म्हणजे संगणक बंद पडला तरी हिशेब बंद पडणार नाही.

शिक्षणाची रीत

ग्रामकार्यकर्त्यांनी या विषयावर व्याख्यान देण्याऐवजी प्रात्यक्षिक करावे. पुढील क्रम सोयीचा आहे.

१. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने स्वतःची पावती आणावी. पावतीवरील एकेक आकडा मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगावा. वजनास दराने गुणून रक्कम जुळते का, हे सभासदांकडूनच करवून घ्यावे.

२. दुसऱ्या बैठकीत एकच दूध दोन भांड्यांत घेऊन यंत्रावर दोनदा तपासावे. आकडे जुळले तर विश्वास वाढतो, न जुळल्यास चर्चा सुरू होते. नंतर त्याच दुधात थोडे पाणी घालून आकडा कसा उतरतो ते दाखवावे व ते दूध संकलनात जाऊ देऊ नये.

३. तिसऱ्या बैठकीत गर्बर पद्धतीने तपासणी करून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावी. अम्लाचे काम जाणकार व्यक्तीनेच करावे.

४. चौथ्या बैठकीत शीतकाच्या उष्णतामानाच्या आठवड्याच्या नोंदी फळ्यावर खडूने आलेखरूपाने काढाव्यात. दूध थंड होण्यास कोणत्या दिवशी अधिक वेळ लागला व का, हे सभासदांनी सांगावे.

५. शेवटी दूध संघाच्या कारखान्यास भेट द्यावी. तेथे आपल्या गावाच्या टँकरची तपासणी प्रत्यक्ष पाहावी. मिथिलीन ब्ल्यू कसोटीत निळा रंग जितका लवकर उडतो तितके जंतू अधिक, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की गोठ्यातील स्वच्छतेसाठी वेगळा उपदेश करावा लागत नाही.

खरेदीपूर्वीचे प्रश्न

नवीन यंत्र घेण्याचा प्रस्ताव आला की संचालक मंडळाने विक्रेत्यास किंमत विचारण्यापूर्वी स्वतःस काही प्रश्न विचारावेत. संस्थेचे सर्वांत मोठे नुकसान सध्या कोठे होते, मापात, तपासणीत, नासाडीत की वाहतुकीत? हे यंत्र नेमके त्याच ठिकाणचे नुकसान थांबविते काय? त्याने दिलेला आकडा रोज कोण वाचणार? आकडा बिघडल्यास काय करावयाचे हे कोणास शिकविले आहे? दुरुस्ती करणारा माणूस किती तासांत येऊ शकतो? आणि वीज किंवा इंटरनेट बंद असताना काम कसे चालणार? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर यंत्र घ्यावे. न मिळाल्यास तेच पैसे सचिवाच्या प्रशिक्षणावर व आहे त्या काट्याच्या देखभालीवर खर्च करणे हिताचे ठरेल.

हीच दृष्टी इतर ग्रामोद्योगांनाही उपयोगी आहे. डाळ मिलमधील विजेचा वापर, शीतगृहातील उष्णतामान व आर्द्रता, जिनिंग कारखान्यात येणाऱ्या कापसाचा ओलावा, या सर्वांची मोजणी आता यंत्रांस जोडता येते. प्रत्येक ठिकाणी क्रम एकच असावा. प्रथम नुकसान ओळखावे, मग मोजावे, मग माणसे शिकवावीत आणि सर्वांत शेवटी यंत्रे जोडावीत.

गावातील दूध संस्थेची पुढील मासिक बैठक ही सुरुवात करण्यास चांगली वेळ आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी त्या दिवशी फळा, खडू व दहा जुन्या पावत्या बरोबर न्याव्यात. शेतकरी बंधुभगिनींनी काट्यावरील मुद्रेचे वर्ष पाहावे, यंत्र शेवटचे केव्हा ताडले गेले ते विचारावे आणि रात्रीचा इशारा कोणाच्या मोबाईलवर येतो याची चौकशी करावी. ही तीन उत्तरे ज्या गावात सर्वांना ठाऊक असतील, त्या गावातील जोडलेली यंत्रे दूध घालणाऱ्याच्या उपयोगी पडतील.